उरेल तो पलीकडचा

भोसरी एमआयडीसीत आमची कंपनी शोधायची तर आधी शेजारची पॉवर प्रेसची शेड शोधावी लागते. तिचे दणके चौकापासून ऐकू येतात. त्या शेडच्या मागच्या अंगाला पत्र्याचा जिना आहे, तो चढून वर आलं की आम्ही. साखर कारखाने, खाणी, वीजकेंद्रं अशा ठिकाणी जमिनीत जुनी तांब्याची केबल अजून पडून आहे आणि ती उपटायची हौस कोणालाच नाही. त्या केबलवर चालणाऱ्या डिजिटल फोनची कार्डं, म्हणजे आतले सर्किट बोर्ड, आम्ही बनवतो. वाकडला राहणारे माझे कॉलेजातले आयटीवाले मित्र विचारतात, "समाधान, हे अजून खपतं?" मी म्हणतो, खपतं बाबा, आणि तुमच्याएवढं टक्कलही पडत नाही.

कार्डाचा जीव एका चिपमध्ये असतो. चिपला स्वतःची अक्कल नसते. तिच्या आत रजिस्टरं असतात, म्हणजे छोटे छोटे खण, आणि प्रत्येक खणात आपण आकडा भरायचा. एक खण आवाज किती मोठा ते ठरवतो, दुसरा लाईन कधी जागी करायची ते. काही खण नुसते वाचायचे असतात, त्यांतून चिप आपल्याला लाईनची खबर देते. एक आकडा चुकला की कार्ड मुकं. हे खण भरणं माझं काम. चिप बनवणाऱ्यानं दिलेली माहिती वाचायची, त्याला मनातल्या मनात शिव्या द्यायच्या आणि आकडा बदलून पुन्हा बघायचं.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. दोनच तारांवरून दोघांनी एकाच वेळी बोलायचं असतं. त्यामुळे आपण बोललेलं तारेतून उलटं फिरून आपल्याकडेच येतं आणि समोरच्याचं बोलणं त्यात बुडून जातं. म्हणून चिप आपला प्रतिध्वनी कसा असतो हे आधी शिकून घेते आणि येणाऱ्या आवाजातून तो वजा करत राहते. वजा करून उरेल तो पलीकडचा. या शिकण्याला आम्ही ट्रेनिंग म्हणतो. नियम एकच. एका बाजूचं ट्रेनिंग चालू असताना दुसऱ्या बाजूनं तोंड बंद ठेवायचं. मधे बोललात तर चिप तुमचा आवाजही प्रतिध्वनीत धरते आणि वजा करून टाकते. मग इकडे तुम्ही कितीही घसा फोडा, पलीकडे काही पोचत नाही.

पूनमला हे मीच शिकवलं होतं. ती टेस्टिंगला नवीन लागली तेव्हाची गोष्ट. आमच्या टेस्टिंगच्या टेबलाखाली तांब्याच्या तारेचा एक मोठा ड्रम आहे. पाच किलोमीटर तार त्यावर गुंडाळलेली, आणि तिची दोन्ही टोकं एकाच टेबलावर वर काढलेली. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. हात लांब केला तर एकमेकांच्या चहाच्या कपाला लागेल, पण बोलणं पाच किलोमीटर हिंडून येणार. प्रत्येक कार्ड असं बोलून तपासायचं. बाकीचे लोक "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" करतात. पूनमला त्याचा कंटाळा आला. माझं नाव तिला अजून माहीत नव्हतं. तिनं रिसीव्हर उचलला आणि म्हणाली, "ओ पलीकडचे, आज माझ्या डब्यात गवार आहे. ऐकू येतंय का?"

मी म्हणालो, "ऐकू येतंय."

पुढे आमचं लग्न झालं आणि दोन डबे एकाच ओट्यावर भरले जाऊ लागले. तरी टेस्टिंगला बसली की ती डब्यात काय आहे ते सांगायचीच, जणू मला ठाऊकच नाही. घरीसुद्धा स्वयंपाकघरातून हाक यायची ती "ओ पलीकडचे" अशीच. माझी आई, कस्तुरा, कपाळाला हात लावायची. "नवऱ्याला कुनी असं बोलवतं व्हय गं?" पण हसायचीही.

मग पूनमला चाकणला मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली. जावं की न जावं यावर आम्ही बरेच दिवस घोळ घातला आणि शेवटी ती गेली. दुसऱ्याच महिन्यात, मोशीजवळ, सकाळच्या गर्दीत एका कंटेनरनं तिची स्कूटर चिरडली. ती जागीच गेली. या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. मला तिची फार आठवण येते. हे मी कोणापाशी बोलत नाही, कारण बोललं की लोक दुसऱ्या लग्नाचा विषय काढतात.

यंदा आमची जुनी चिप बाजारातून बंद झाली. नवी आली, तिचे खण नवे, माहितीचं बाड जाडजूड आणि अर्धं चुकीचं. एका खाणीची ऑर्डर डोक्यावर होती. योगिनी मॅडम आमच्या प्रॉडक्शन हेड. वर्षभरापूर्वीच रुजू झालेल्या, कामाला चोख आणि बोलायला सरळ. त्यांनी सांगितलं, "समाधान, एक कार्ड पक्कं करून दे. त्याचेच आकडे सगळ्या कार्डांत उतरवायचे. शनिवारी मला प्रॉडक्शनची लाईन चालू करायचीय."

मी कार्ड ड्रमच्या एका टोकाला जोडलं. दुसरं टोक मोकळं ठेवलं. आधी नुसता आपला प्रतिध्वनी वजा होतो का ते बघायचं असतं, पलीकडे कोणी नको. ट्रेनिंग झालं. आता वजाबाकीनंतर काही उरायला नको होतं. किती उरलं ते एका खणात वाचता येतं. तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. तो स्थिर राहीना. चढायचा, उतरायचा, जरा थांबायचा, पुन्हा चढायचा.

पहिला संशय प्रेसवर घेतला. प्रेसचा दणका ठरावीक पडतो, हा आकडा तसा नव्हता. मग ट्यूबलाईट बंद केल्या, पंखा बंद केला, सगळ्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले. टेबलावर घामाच्या धारा आणि आकडा आपला चढतोय, उतरतोय. कार्ड बदललं, चिप बदलली. सोल्डरच्या धुरानं डोळे चुरचुरायला लागले. शेवटी ड्रमचं मोकळं टोक हातात घेऊन बघितलं. तांब्याची दोन उघडी टोकं, बाकी काही नाही.

त्याच खणाच्या शेजारी एक बिट आहे. पलीकडे कोणी जोडलेलं असेल तर एक, नसेल तर शून्य. तिथे एक होता.

चिपमध्ये अशी सोय आहे की वजा करून जे उरतं ते हवं तर रिसीव्हरमध्ये सोडून कानानं ऐकता येतं. त्या सोयीचा आकडा मी भरला. मला खरखर ऐकू येईल, फार तर शेजारच्या वेल्डिंगची करकर, अशी अपेक्षा होती. आधी खरखरच आली. तिच्या मागून, लांबून, पण स्पष्ट आवाज आला.

"ओ पलीकडचे, आज डब्यात दोडका आहे. ऐकू येतंय का?"

मी रिसीव्हर ठेवला नाही. भीती वाटली, तरीही ठेवला नाही. डोकं मात्र कामाला लागलं. कुठेतरी जुनं रेकॉर्डिंग राहिलं असेल. पण आम्ही बोलणं कधी रेकॉर्ड करत नव्हतो, आणि चिप तर परवा खोक्यातून निघालेली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. आईनं दिलेला डबा मी अजून उघडलेला नव्हता. उघडला. दोडका होता.

दुसऱ्या दिवशी ती मेथी म्हणाली, आणि मेथी निघाली. त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, उद्या काय करणार आहेस?

"उद्याचं उद्या," आई म्हणाली. "गाडीवाल्याकडं काय मिळंल ते. कवा न्हाई ते आज का इचारतुयास?"

सकाळी आईनं डबा भरून दिला, तो मी मुद्दाम ओट्यावर तसाच सोडून आलो. आल्या आल्या टेबलावर बसलो, रिसीव्हर उचलला.

"डबा विसरलात ना आज?" पूनम म्हणाली. "ओट्यावरच राहिलाय."

खरं सांगतो, मला भीती वाटायची ती तिथेच संपली. मी हसलो. दोन वर्षांत कोणी मला विसराळू म्हटलं नव्हतं. "हो, राहिला," मी म्हणालो. "पूनम, मी आहे. मला ऐकू येतंय."

ती जराशी थांबली आणि खळखळून हसली. "काहीतरीच तुमचं," ती म्हणाली. "इथे सगळे बसलेत."

मी तर काहीच विनोद केला नव्हता.

त्यानंतर मी लक्ष देऊन ऐकायला लागलो. ती विचारायची, ऐकू येतंय का, मी उत्तर द्यायचो, आणि ती पुढे जे बोलायची ते माझ्या उत्तराला धरून नसायचं. कधी मी बोलत असतानाच ती मधे बोलायची. माझं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी मोठ्यानं बोलून पाहिलं, हळू बोलून पाहिलं. पूर्वी ती माझ्याशी ज्यावरून भांडायची असं काहीबाही बोलून पाहिलं. ती आपली शांतपणे कुठल्याशा कार्डाचा नंबर वाचत होती.

बुधवारी दुपारी योगिनी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या हातातला रिसीव्हर त्यांनी घेतला आणि कानाला लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"कुणीतरी बाई आहे," त्या म्हणाल्या. "भाजीचं काहीतरी सांगतेय. कुठली लाईन घुसतेय ही?"

"तुम्हालाही ऐकू येतंय?"

"म्हणजे काय? बहिरी आहे का मी?" त्यांनी स्क्रीनवरचा आकडा पाहिला. "ट्रेनिंगची वेळ वाढव. सगळ्यात लांबचं लाव. चिप हेही शिकून घेईल आणि काढून टाकेल."

त्यांचं बरोबर होतं. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. एक आकडा बदलायचा, चिपला पूनमचा आवाज शिकू द्यायचा, की तो वजा. कार्ड पास, ऑर्डर रवाना.

"शनिवारपर्यंत वेळ आहे ना?" मी म्हणालो.

"उद्या सुट्टी आहे. शुक्रवारी मी स्वतः लावते," त्या म्हणाल्या. मग रिसीव्हर परत देत, "तू बरा आहेस ना रे?"

मी हो म्हणालो.

त्या रात्री अंथरुणावर मला उलगडा झाला. इंजिनिअर माणसाला लाज वाटावी इतका सोपा. पलीकडच्या बाजूला ट्रेनिंग चालू आहे का हे सांगणारा एक बिट आहे. ती "ऐकू येतंय का" विचारायची त्या सुमारास तो बिट रोज एक झालेला मी पाहिला होता. म्हणजे तिकडची चिप शिकायला बसायची, आणि मी काय करायचो? जीव तोडून उत्तर द्यायचो. तिची चिप दर वेळी माझाच आवाज प्रतिध्वनी म्हणून शिकत होती. जो नियम मी तिला शिकवला तोच मी मोडत होतो. एकदा, फक्त एकदा, तिनं विचारल्यावर मी गप्प राहायला हवं होतं. मग तिला मी ऐकू आलो असतो.

गुरुवारी आमची एमआयडीसी बंद असते. चौकातल्या टपरीवर ताडपत्री ओढलेली, रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली. फाटकावर कोंडाजी वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

"आज बेस्तरवार हाय सायेब," तो म्हणाला.

"माहितेय. थोडं काम राहिलंय."

"तुमचं काम वरती चालूच हाय की मगासधरनं," कोंडाजी म्हणाला. "बोलन्याचा आवाज येतुया. मला वाटलं तुमीच."

मी जिन्याकडे पाहिलं. वरच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

आत ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. प्रेस बंद असल्यानं इतकी शांतता होती की ट्यूबलाईटचा गुणगुणाट ऐकू येत होता. मी कार्ड चालू केलं. पलीकडचं टोक पुन्हा एकदा पाहिलं, मोकळंच होतं. रिसीव्हर कानाला लावला, खिशातला रुमाल घडी करून दातांत धरला आणि बसलो.

तिचा बिट एक झाला.

"ओ पलीकडचे," पूनम म्हणाली. "आज कारलं आहे. ऐकू येतंय का?"

मी रुमाल चावला.

"ऐकू येतंय का?"

तिचा श्वास ऐकू येत होता. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी आयुष्यात तिला कधी असं ताटकळत ठेवलं नव्हतं. हाक आली की माझी ओ जायचीच.

"आहात ना तिथे?"

आहे. आहे गं. डोळ्यांतून पाणी वाहून रुमालात मुरत होतं. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"अहो?"

बिट शून्य झाला. तिच्याकडचं ट्रेनिंग संपलं, आणि या वेळी मी त्यात नव्हतो.

मी रुमाल काढला. "पूनम," मी म्हणालो. "मी आहे. ऐकू येतंय मला. रोज ऐकू येतं."

पलीकडे श्वास थांबला.

तिनं ऐकलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला ऐकलं, आणि मला इतका आनंद झाला की पुढे काय बोलायचं ते सुचेना. मी नुसतं तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज दबका होता, आणि रिसीव्हरपासून तोंड फिरवून बोलल्यासारखा. "लाईनीत कोणीतरी आहे."

"कोण?" कोणीतरी विचारलं.

तो पुरुषाचा आवाज होता. तिच्या जवळून आला, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळून. तो माझा होता. माझा आवाज मला चांगला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी तो वजा करण्याचंच काम केलंय.

"माझं नाव घेतोय," पूनम म्हणाली.

"आवाज कसा आहे?"

"तुमच्यासारखाच. अगदी."

तो हसला. मी असाच हसतो. "मग माझाच इको आहे. थोडा उरलाय. ट्रेनिंग लांबवतो, निघून जाईल. जरा गप्प बस."

"थांबा ना," पूनम म्हणाली. "तो रडतोय हो."

मी रुमालानं डोळे पुसले.

"रडेल कसा?" तो म्हणाला. "बस गप्प."

बिट पुन्हा एक झाला.

मला नियम ठाऊक होता. आता गप्प बसलो तर त्याची चिप मला शिकू शकणार नाही. ट्रेनिंग संपेल आणि मी तिथेच उरेन. एकदा जमलं होतं, पुन्हाही जमलं असतं. रुमाल हातातच होता.

पण तिनं एकदा ऐकलं होतं.

"पूनम, चाकणला जाऊ नकोस," मी म्हणालो. "पूनम, मी इथेच आहे. आईनं तुझा डबा अजून टाकलेला नाही. घरात तुझ्या हाकेशिवाय करमत नाही गं. तू विचारतेस ना, ऐकू येतंय का? येतं. सगळं ऐकू येतं."

स्क्रीनवर उरलेल्याचा आकडा खाली येऊ लागला. तो असा उतरताना मी आठवडाभरात पाहिला नव्हता. मी बोलत राहिलो. आवाज बसला तरी बोलत राहिलो.

बिट शून्य झाला.

"पूनम," मी म्हणालो.

"हां, गेला," ती म्हणाली. "आता कसं स्वच्छ येतंय."